मदत हवी आहे: गहू, दूध, शेंगदाणे बंद, डब्यात काय देऊ?
माझी लेक साडेतीन वर्षांची, जूनपासून बालवाडीत जाते. डॉक्टरांनी गहू, दूध आणि शेंगदाणे पूर्ण बंद केलेत. गहू म्हणजे फक्त पोळी नाही, रवा नि शेवयाही गेल्या. बाजारच्या हिंगातसुद्धा गव्हाचं पीठ असतं, हे डबीवरची बारीक अक्षरं वाचून कळलं! भाजणी आता घरीच करते, गहू वगळून.

अडचण भाकरीची आहे. सकाळी आठला भरलेली ज्वारीची भाकरी साडेदहापर्यंत कडक होते. काल डब्यात तुकडे तसेच परत आले, फक्त वरचा गूळ चाटलेला. फार वाईट वाटलं. इडली, घावन आवडीने खाते, पण रोज तेच कसं देऊ?

पीठ उकडून घेतलं तर भाकरी मऊ राहते का? पाण्याचं प्रमाण काय घेता? दूध नाही म्हणून नाचणी पोटात जायलाच हवी, तिच्यात 100 ग्रॅममागे 300 मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. पण सत्त्व डब्यात नेता येत नाही. नाचणीचं हाताने धरून खाता येईल असं काही सुचवाल का? आणि उसळीत दाण्याच्या कुटाऐवजी ओल्या खोबऱ्याशिवाय काय घालता? तीळ अजून दिलेले नाहीत, डॉक्टरांना विचारूनच देईन.

ज्यांची मुलं यातून गेलीत त्या ताईंनी नक्की सांगा.