तुमचं नाव कुणी ठेवलं, आणि कशापायी?

नावाचा अर्थ विचारला की आपण कोशातला अर्थ सांगून मोकळे होतो. या धाग्यात तो नको. ठेवणाऱ्याच्या मनात त्या दिवशी काय होतं ते सांगा. ऐकीव चालेल, परक्या भाषांतल्या नावांचं तर हवंच आहे.

सुरुवात मी करते. माझं नाव तृप्ती, मी घरातली तिसरी मुलगी. बाविशी उलटेपर्यंत वाटायचं, मला पाहून सगळ्यांचं मन भरलं असणार. मग आत्या एकदा सहज बोलून गेली, "अगं, आता पुरे, म्हणून ठेवलं." राग यायला हवा होता, हसूच आलं. पुढे कामावर एक तुर्की बाई भेटल्या, नाव येतेर. अर्थ विचारला तर जरा थांबून म्हणाल्या, "पुरे." मुलींमागून मुली झाल्या की त्यांच्याकडे हे नाव ठेवत. मग मी माझं सांगितलं. त्यानंतर आम्ही रोज डबा एकत्रच खाल्ला.

मधली बहीण:
तुझं निदान झाकलेलं तरी आहे गं. आमच्या चिनी शिकवणाऱ्या बाईंच्या आईचं नाव जाओदी. सरळ अर्थ, 'धाकट्या भावाला बोलावून आण'. म्हणजे हाक तिला आणि वाट दुसऱ्याचीच. पुढे भाऊ झाला का, हे विचारायचं मला काही धाडस झालं नाही.

वाऱ्यावरचा:
तुर्की निघालंच आहे म्हणून. मी अनिल. वसतिगृहात शेजारच्या खोलीत एक तुर्की मुलगा आला, तोही अनिलच! त्याच्या उच्चारात 'नि' जरा बसका, एवढाच फरक. आठवडाभर आम्ही एकाच शब्दाची दोन टोकं समजून मिरवत होतो. मग कळलं, संबंध शून्य. माझा संस्कृतातला वारा, त्याचा तुर्कीतला 'लोकांच्या आठवणीत राहा'. त्याच्या आजोबांनी ठेवलेलं. माझं कुणी ठेवलं हे घरात कुणालाच आठवत नाही.

धोंडू (खरंच):
माझ्याआधीची दोन भावंडं गेली, म्हणून मी धोंडू. दगडाकडे मृत्यूचं लक्ष जात नाही, हा हिशेब. शाळेत या नावाने मला रडवलंय. पहिल्या नोकरीत नाव बदलायचा अर्जही भरून ठेवला होता.

तेव्हाच एक मंगोल सहकारी भेटला, नाव नेरगुइ. म्हणजे 'बिननावाचा'. त्याच्याकडे 'एनेबिश' म्हणजे 'हा नव्हे' आणि 'खुनबिश' म्हणजे 'माणूस नव्हे' अशीही नावं असतात. मूल न्यायला आलेल्याला वाटावं, चुकीच्या घरात शिरलो. मी थक्क झालो. पुढे वाचत गेलो तर सगळीकडे तेच. सर्बियन भाषेला आजची लिपी देणारे वूक काराजिच १७८७ साली जन्मले. त्यांच्याही आधीची भावंडं वाचली नव्हती. वूक म्हणजे लांडगा, त्याच्या वाटेला चेटकिणी जात नाहीत असा समज. तुर्कीत 'दुरसुन' आहे, म्हणजे 'राहू दे'. हे नाव मला सगळ्यांत टोचतं, कारण त्यात युक्ती नाही, नुसती विनवणी आहे.

इंडोनेशियाचे सुकार्णो लहानपणी कुस्नो होते. सारखे आजारी पडायचे म्हणून वडिलांनी नाव बदलून महाभारतातल्या कर्णाचं ठेवलं. तिथे निदान कर्ण मिळाला, मला धोंडा! अर्ज मात्र मी फाडला. आईने मला कधीच 'ए धोंड्या' म्हटलं नाही, कायम पूर्ण धोंडू, तेही हळू आवाजात. त्याचं कारण उशिरा कळलं.

शंकेखोर:
माझ्या नावामागे कसलीही गोष्ट नाही. आईबाबांना उच्चार आवडला, बस्स. प्रत्येक नावाला कहाणी असते हे गृहीत धरणंच चूक. फ्रान्समध्ये १८०३च्या कायद्याने दिनदर्शिकांमधली आणि प्राचीन इतिहासातलीच नावं चालत. पुढे ढिलाई आली, तरी तो नियम कायद्यातून गेला १९९३ साली. तिथे गोष्ट कसली, यादी!

उत्तरेकडची:
यादीवरून. मी आइसलंडमध्ये शिकले. तिथे आडनाव म्हणजे बहुधा आईचं किंवा बापाचं नाव आणि पुढे 'चा मुलगा', 'ची मुलगी'. त्यामुळे फोनच्या यादीतही लोक पहिल्या नावानेच सापडतात. नवं नाव ठेवायचं तर समितीची मंजुरी लागते. 'झुळूक' अशा अर्थाचं एका मुलीचं नाव समितीने नाकारलं, कारण तो शब्द व्याकरणात पुल्लिंगी. पंधरा वर्षं तिच्या सरकारी कागदांवर नावाच्या जागी फक्त 'मुलगी' होतं. २०१३ साली ती कोर्टात जिंकली. शंकेखोर, आता म्हणा गोष्ट नाही.

दोन वर्षं घानात:
तिथल्या अकान लोकांत एक नाव जन्मवारावरून आपोआप पडतं, त्यात कुणाची इच्छा विचारत नाहीत. कोफी म्हणजे शुक्रवारचा. संयुक्त राष्ट्रांचे महासचिव राहिलेले कोफी अन्नान यांचा जन्म ८ एप्रिल १९३८, शुक्रवारच. त्यांच्या नावातलं 'अट्टा' म्हणजे जुळं, बहीण सोबत जन्मली होती. गंमत घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांची. क्वामे म्हणजे शनिवारचा, पण दप्तरी जन्मतारीख २१ सप्टेंबर १९०९, आणि तो वार निघतो मंगळवार! मी तिथल्या घरमालकांना विचारलं, खरं काय? ते म्हणाले, तारीख कारकून लिहितो, वार आईला माहीत असतो.

आपापला वार सांगा, मी नाव सांगतो.

वाऱ्यावरचा:
मंगळवार.

दोन वर्षं घानात:
क्वाबेना.

धोंडू (खरंच):
आई सांगायची, रविवारची पहाट.

दोन वर्षं घानात:
मग क्वासी.

तृप्ती:
शनिवार.

दोन वर्षं घानात:
आमा. म्हणजे शनिवारची.

तृप्ती:
एवढंच?

दोन वर्षं घानात:
एवढंच.

तृप्ती:
आवडलं.