दुष्काळात बैल विकावेत का? विमान कंपन्यांची नोकरकपात आणि आपण

गोदातीर (छत्रपती संभाजीनगर)

वेरूळ-अजिंठ्याला येणाऱ्या पाहुण्यांवर ज्यांची चूल पेटते, त्यांच्यापैकी मी एक आहे. चिकलठाण्याला विमान किती वाजता उतरते यावर माझ्या गाड्यांचा दिवस ठरतो, त्यामुळे विमान कंपन्यांची बरीवाईट वेळ मला वर्तमानपत्राच्या आधी कळते. विषय मात्र गाड्यांचा नाही. माझा पुतण्या एका ठेकेदारामार्फत विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामावर होता. 2020 च्या मे महिन्यात त्याला फोन आला की उद्यापासून येऊ नकोस. पत्र नाही, नोटीस नाही. दीड वर्षाने त्याच ठेकेदाराचा फोन पुन्हा आला, पण तोपर्यंत तो वाळूजच्या एका कारखान्यात रुळला होता आणि परत जायला त्याने साफ नकार दिला.

त्या वर्षी मंदी खोटी नव्हती, हे मी आधीच मान्य करतो. देशांतर्गत विमान प्रवासी 2019 मध्ये सुमारे 14.4 कोटी होते, ते 2020 मध्ये 6.3 कोटींवर आले. परदेशी पर्यटक 1.09 कोटींवरून 27 लाखांवर आणि 2021 मध्ये 15 लाखांवर घसरले. तरीही मला असे वाटते की अशा वेळी माणसे काढणाऱ्या कंपन्या आपल्याकडच्या त्या शेतकऱ्यासारख्या वागतात, जो दुष्काळात मिळेल त्या भावाला बैलांची दावी सोडतो आणि पुढच्या मृगाच्या तोंडावर चढ्या भावाने जोडी शोधत बाजार-बाजार फिरतो. निदान शेतकऱ्याला बैल विकताना रडू तरी येते. पगार कापावेत, वरून खाली कापत यावेत, बिनपगारी रजा द्यावी, पण हाताखाली तयार झालेला माणूस सोडू नये, असे माझे म्हणणे आहे. विरोधी मत असणाऱ्यांनी अवश्य लिहावे.

हिशेबनीस (जालना)

गोदातीर साहेब, पुतण्याच्या बाबतीत जे घडले ते वाईटच, आणि नोटीस न देणे तर गैरच. पण तुमचा दृष्टांत हिशेबात बसत नाही. एरवी विमान कंपनीच्या खर्चात इंधनाचा वाटा तीस ते चाळीस टक्के असतो आणि पगाराचा साधारण दहा-बारा टक्के. विमाने उभी राहिली की इंधनाचा खर्च आपोआप थांबतो. शिल्लक राहते ते विमानांचे भाडे, कर्जाचे हप्ते आणि पगार. भाडे डॉलरमध्ये आणि करारात बांधलेले असते, कर्ज बँकेचे असते, त्यामुळे ज्या खर्चाला हात लावता येतो तो एकच उरतो. हा दुष्टपणा नाही, ताळेबंदाची अडचण आहे.

तुम्ही सुचवलेला वरून खाली पगार कापण्याचा मार्गही वापरून झाला आहे. इंडिगोने मार्च 2020 मध्ये मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचा पगार 25 टक्के, वरिष्ठ उपाध्यक्षांचा 20 टक्के, वैमानिकांचा 15 टक्के अशी उतरती कपात जाहीर केली. एवढे करूनही भागले नाही आणि जुलैमध्ये त्याच कंपनीला दहा टक्के कर्मचारी कमी करण्याची घोषणा करावी लागली. ही सगळ्यांत सशक्त कंपनीची गत, बाकीच्यांचे काय बोलावे?

आणि माणसे न काढल्याने काय होते, तेही आपण पाहिले आहे. ऑक्टोबर 2008 मध्ये जेट एअरवेजने सुमारे 1,900 जणांना काढले, गणवेशातल्या मुलामुलींची निदर्शने झाली, राजकीय दबाव आला आणि मालकांनी एका रात्रीत सगळ्यांना परत घेतले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एप्रिल 2019 मध्ये तीच कंपनी बंद पडली आणि सुमारे वीस हजार घरांचा पगार थांबला. एक पाय कापावा लागला म्हणून वैद्याला दोष देणाऱ्यांनी उरलेला देह वाचला का, हेही विचारायला हवे.

गोदातीर (छत्रपती संभाजीनगर)

जेटचे उदाहरण तुम्ही द्यावे याचे मला आश्चर्य वाटले, कारण जेट ज्या दिवशी बंद पडली त्या दिवसाची झळ या शहराने प्रत्यक्ष सोसली आहे. मुंबईच्या विमानातल्या जागा घटल्या, आणि जपानहून लेणी पाहण्यासाठी येणाऱ्या गटांचे कार्यक्रम मुंबईतच गुंडाळले जाऊ लागले. पण ती कंपनी त्या 1,900 जणांच्या पगाराखाली बुडाली, असे म्हणणे म्हणजे नाव बुडाल्याचा दोष शेवटी चढलेल्या म्हाताऱ्या बाईला देण्यासारखे आहे. 2007 मध्ये 1,450 कोटींना एअर सहारा विकत घेतली कोणी? स्वस्त तिकिटांच्या कंपन्यांशी त्यांच्याच भावात स्पर्धा करत कर्ज वाढवत नेले कोणी? चिकलठाण्याला सामान उचलणाऱ्याने तर नाही ना?

अमेरिकेतल्या साउथवेस्ट या कंपनीने 11 सप्टेंबर 2001 नंतर, जेव्हा तिकडच्या बहुतेक कंपन्या हजारोंनी माणसे काढत होत्या, तेव्हा एकालाही काढले नाही. ती बुडाली नाही, उलट वाढली.

हिशेबनीस (जालना)

साउथवेस्टच्या पेवात धान्य होते. कर्ज कमी होते, हाती रोकड होती, इंधनाचे भाव त्यांनी आधीच करारांनी बांधून ठेवले होते. ज्याचे पेव भरलेले असते त्याला दुष्काळात औदार्य परवडते. आणि त्याच कंपनीने फेब्रुवारी 2025 मध्ये आपल्या इतिहासातली पहिली मोठी नोकरकपात केली, कार्यालयीन पदांपैकी पंधरा टक्के, म्हणजे सुमारे 1,750 जण.

आता तुमच्या बैलांकडे येतो, कारण दृष्टांत तुम्ही काढला आहे आणि मी बदनापूर तालुक्यातला आहे. आपल्याकडे दुष्काळात बैल वाचले ते शेतकऱ्याच्या ऐपतीवर नाही, तर चारा छावण्यांवर वाचले, आणि छावणीचा खर्च सरकारने जनावरामागे रोज ठरावीक रक्कम देऊन उचलला. विमान कंपन्यांची छावणी कोणी उघडली? अमेरिकेने 2020 मध्ये प्रवासी विमान कंपन्यांना केवळ पगारासाठी 25 अब्ज डॉलर दिले, त्यातला बराचसा भाग अनुदान होता, आणि 30 सप्टेंबरपर्यंत कोणाला सक्तीने घरी पाठवायचे नाही अशी अट घातली. अट संपताच 1 ऑक्टोबरला अमेरिकन एअरलाइन्सने सुमारे 19 हजार आणि युनायटेडने सुमारे 13 हजार माणसांना रजेवर बसवले. छावणी उठली आणि दुसऱ्याच सकाळी जनावरे बाजारात आली. आपल्याकडे छावणीच नव्हती. पुढे सरकारी हमीचे कर्ज मिळाले खरे, पण कर्ज म्हणजे चारा नव्हे.

रॅम्पवरचा

मी सहसा वाचतो, लिहीत नाही. नऊ वर्षे ग्राउंड हँडलिंगमध्ये काढली आहेत, त्यातली चार आपल्याच विमानतळावर. दोघांच्याही लिहिण्यात बैल आला, हिशेब आला, पण काम आले नाही, म्हणून लिहितो.

विमान उतरल्यापासून पुन्हा निघेपर्यंत साधारण अर्धा तास मिळतो. त्या अर्ध्या तासात सामान उतरवायचे, नवे चढवायचे, ते पुढच्या आणि मागच्या कप्प्यात किती विभागायचे हे पत्रकाप्रमाणे पाळायचे, कारण तोल बिघडला तर वैमानिकाच्या हिशेबात चूक होते. पायऱ्या लावताना शिडी विमानाच्या अंगाला घासली तर विमान तपासणी होईपर्यंत हलत नाही. ही कामे बाहेरून हमाली दिसतात. नव्या मुलाला त्यात एकट्याने उभे करायला आम्हाला महिने लागत. शिवाय त्याच्या पूर्वायुष्याची पोलीस पडताळणी, सुरक्षेचे प्रशिक्षण आणि विमानतळाचा प्रवेश पास झाल्याशिवाय तो आत पाऊल टाकू शकत नाही. माणूस काढायला एक फोन पुरतो. त्याच्या जागी दुसरा आणायला किती टेबले फिरावी लागतात, ते ज्याने फाईल फिरवली त्यालाच विचारा.

वैमानिकांचेही तसेच आहे. नव्वद दिवसांत तीन उड्डाणे आणि तीन लँडिंग झाली नसतील तर प्रवासी घेऊन उडता येत नाही, आधी सिम्युलेटरवर (सरावाच्या नकली विमानकक्षात) किंवा प्रशिक्षकासोबत ती पुरी करावी लागतात. घरी बसवलेला माणूस कपाटात ठेवलेल्या भांड्यासारखा नसतो.

2022 च्या उन्हाळ्यात युरोपात हेच झाले. ब्रिटिश एअरवेजने कोरोनाकाळात दहा हजारांच्या आसपास पदे कमी केली होती. प्रवासी परत आले तेव्हा सामान हाताळायला आणि तपासणीला माणसे नव्हती, नव्यांच्या पडताळण्या रखडल्या होत्या, आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळाला जुलैमध्ये दिवसाला एक लाखाहून जास्त प्रवासी पाठवणार नाही असे जाहीर करावे लागले. गिऱ्हाईक दारात आणि दुकानदार म्हणतो, उद्या या.

हिशेबनीस (जालना)

आपल्या प्रत्यक्ष अनुभवापुढे माझे पुस्तकी ज्ञान तोकडे आहे, हे मोकळेपणाने मान्य करतो. प्रशिक्षणाचा आणि पडताळणीचा खर्च नोकरकपातीच्या हिशेबात सहसा धरला जात नाही, आणि तो धरला पाहिजे. पण एक प्रश्न उरतोच. प्रवासी कधी परत येणार हे मे 2020 मध्ये कोणाला ठाऊक होते? ज्या कंपनीकडे तीन महिन्यांची रोकड आहे, तिने अठरा महिन्यांनंतरच्या गर्दीची तरतूद कशातून करायची?

नांदेडकर

या चर्चेत एक बाजू सुटते आहे. मोठ्या शहरात माणसे कमी होतात. आपल्याकडे विमानच कमी होते. एप्रिल 2017 मध्ये उडान योजनेची पहिली विमाने निघाली, त्यांत नांदेड-हैदराबाद होते, आणि आम्हाला वाटले की आता हुजूर साहिबच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांची सोय कायमची झाली. विमानातल्या निम्म्या जागा तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपयांच्या मर्यादेत, आणि तूट भरून काढण्यासाठी कंपनीला तीन वर्षे अनुदान, अशी ती व्यवस्था होती. 2022 च्या फेब्रुवारीत ही विमाने चालवणाऱ्या ट्रूजेट कंपनीची उड्डाणे थांबली. त्या वेळी आमच्या धावपट्टीच्या कडेला जी मुले काम करत होती, त्यांना ‘नोकरकपात’ हा शब्दसुद्धा वाट्याला आला नाही, कारण कपात व्हायला मागे काही उरले पाहिजे ना! खर्च वाचवण्याची पहिली कुऱ्हाड नेहमी लहान गावाच्या मार्गावर पडते. तिथे लोडर, काउंटरवरची मुलगी, टॅक्सीवाला आणि लॉजवाला हे सगळे एकाच वेळी कापले जातात, आणि त्यांतला निम्म्याहून जास्त हिशेब कंपनीच्या वहीत कधी चढत नाही.

बीडची वकील

कायद्याबद्दल थोडे लिहिते. कामगाराने वर्षात 240 दिवस काम केले असेल तर त्याला कमी करताना महिन्याची नोटीस किंवा महिन्याचा पगार, आणि दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई द्यावी लागे, असे 1947 चा औद्योगिक विवाद कायदा सांगत होता. शेवटी आलेल्याने आधी जायचे, आणि पुन्हा भरती झाली तर काढलेल्यांना आधी विचारायचे, हेही त्यात होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, पण गाभा फारसा बदललेला नाही. सरकारची पूर्वपरवानगी घेण्याची अट पूर्वीही कारखाने, खाणी आणि मळे एवढ्यांनाच होती आणि आजही त्यांनाच आहे. विमान कंपनी त्यात येत नाही.

गोदातीर काकांच्या पुतण्याची खरी अडचण वेगळी आहे. त्याच्या पासावर विमान कंपनीचे नाव नव्हते. कागदावर त्याचा मालक ठेकेदार होता, आणि ठेका संपला की मालकच अंतर्धान पावतो. ऑस्ट्रेलियात क्वांटासने 2020 मध्ये आपल्या सुमारे 1,700 ग्राउंड कर्मचाऱ्यांना काढून ते काम ठेक्यावर दिले. कामगार न्यायालयात गेले, 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जिंकले, आणि ऑगस्ट 2025 मध्ये कंपनीला नऊ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. त्यांना दाद मागता आली, कारण ते कंपनीचे होते. आपल्याकडची मुले आधीपासूनच ठेक्यावर आहेत.

गोदातीर (छत्रपती संभाजीनगर)

ताई, हे मला माहीत नव्हते. ठेकेदाराचे कार्यालय कुठे आहे, हेही पुतण्याला शेवटपर्यंत कळले नव्हते.

हिशेबनीस साहेबांना एवढेच विचारतो, की मंदी सरल्यावरही कमीत कमी माणसांत काम ओढण्याची जी सवय लागते तिचे काय? नोव्हेंबर 2025 पासून वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पूर्ण लागू झाले, आठवड्याची विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर गेली आणि रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आली. नियम बऱ्याच आधी जाहीर झाले होते. तरी इंडिगोकडे पुरेसे वैमानिक तयार नव्हते, डिसेंबरमध्ये एकाच दिवशी हजारावर उड्डाणे रद्द झाली, आणि सरकारला तिकिटांच्या दरावर मर्यादा घालावी लागली. तेव्हा मंदी नव्हती. ही तर सुगी होती, आणि गोठ्यात बैल नव्हते.

हिशेबनीस (जालना)

त्या प्रसंगाचे समर्थन मी करणार नाही. सुगीत माणसे न नेमणे ही काटकसर नव्हे, आणि त्याची गल्लत मंदीतल्या कपातीशी करू नये, एवढेच म्हणेन. मंदीत माणूस काढावा लागतो या माझ्या मतावर मी ठाम आहे. फक्त काढताना त्याची देणी चुकती करावीत आणि त्याचे नाव पुसू नये.

गोदातीर (छत्रपती संभाजीनगर)

नाव पुसू नये, यावर आपले जुळले. विमानतळाच्या सल्लागार समितीपुढे एक निवेदन ठेवण्याचा विचार आहे: ठेकेदार कोणीही येवो, काढलेल्या माणसांची ज्येष्ठतेप्रमाणे यादी विमानतळाकडे राहावी आणि नव्या ठेकेदाराने पहिली भरती त्या यादीतून करावी. मसुद्याला कोणी हात लावील का?

बीडची वकील

मी लावते. रविवारपर्यंत पाठवीन.

रॅम्पवरचा

यादीसोबत पासाचेही लिहा. कामावरून काढले की पास जमा करून घेतात, आणि नव्या पासासाठी पडताळणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. यादीत नाव असून काय उपयोग, दोन महिने फाटकाबाहेरच उभे राहायचे असेल तर?