योर्कबद्दल थोडी भर

वर कुणीतरी विचारलंय की नेपोलियनच्या बाजूने लढणारे जर्मन सरदार नंतर उलटले कसे, आणि एका प्रतिसादात योर्कला ‘गद्दार’ म्हटलंय. या प्रशियन सेनापतीचंच उदाहरण घ्या. १८१२ च्या सुरुवातीला प्रशिया या जर्मन राज्याने नेपोलियनशी तह केला, त्यामुळे रशियाच्या स्वारीत फ्रेंच मार्शल मॅक्डोनाल्डच्या हाताखाली प्रशियाची तुकडी पाठवावी लागली. तिचा सेनापती पुढे योर्क झाला.

माणूस मुळात तापट आणि तोंडाचा फटकळ. तरुणपणी वरिष्ठाच्या लुटालुटीबद्दल त्याच्या तोंडावर बोलला म्हणून सैन्यातून हाकलला गेला. मग डचांच्या चाकरीत ‘द मरों’ या भाडोत्री स्विस रेजिमेंटमधून थेट पूर्वेकडे! हीच रेजिमेंट पुढे इंग्रजांकडे गेली आणि १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूविरुद्ध लढली; अर्थात योर्क तोवर कधीच प्रशियात परतला होता.

१८१२ च्या शेवटी रशियातून माघार घेताना योर्कची तुकडी मॅक्डोनाल्डपासून तुटली. समोर रशियन सैन्य, सेनापती डीबिच. तोही जन्माने प्रशियनच. निरोप घेऊन येणारा क्लाउझेविट्झ, हाही प्रशियन, पण तेव्हा रशियाच्या नोकरीत. म्हणजे वाटाघाटी सगळ्या घरच्या घरी! ३० डिसेंबर १८१२ ला टाउरोगेनजवळच्या (आजच्या लिथुआनियात) एका गिरणीत करार झाला: तुकडी तटस्थ राहणार. तोही प्रशियाच्या राजाला न विचारता. राजाने लगोलग हात झटकले, योर्कला पदावरून काढायचा हुकूमही सोडला. पण मार्च १८१३ मध्ये त्याच राजाने फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारलं. वार्टेनबुर्गला एल्बे नदी ओलांडल्याबद्दल योर्कला पुढे ‘फॉन वार्टेनबुर्ग’ हा किताबही मिळाला.

त्यामुळे वरच्या प्रतिसादातला ‘गद्दार’ हा शब्द मला तरी पटत नाही.