मदत हवी आहे : इंटार्सिया पद्धतीचे लाकडी शेकरू – तांबडा रंग पसरणे आणि दमट हवेतील जोडणी

नमस्कार.

फांदीवर बसलेले, शेपूट खाली सोडलेले आणि साधारण 75 सेंटिमीटर उंचीचे शेकरू मी भिंतीवर टांगण्यासाठी इंटार्सिया पद्धतीने करत आहे. या कामातील लाकूड आणि जोडणी या दोन्हींविषयी जाणकारांचा सल्ला हवा आहे.

ज्यांनी असे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. म्हैसूरच्या प्रसिद्ध जडावकामात शिसवीच्या फळीत खाचा कोरून त्यांत दुसऱ्या लाकडाचे तुकडे सपाट बसवतात. इंटार्सियामध्ये मात्र वेगवेगळ्या लाकडांचे जाड तुकडे स्क्रोल सॉवर (बारीक पात्याच्या, वळणदार कापणाऱ्या यांत्रिक करवतीवर) कापून, प्रत्येक तुकड्याला स्वतंत्रपणे गोलाई देऊन, ते प्लायच्या पाठफळीवर एकमेकांना भिडवून चिकटवतात. रंग लावायचा नसतो, त्यामुळे लाकडाचा मूळ रंग, रेषांची दिशा आणि तुकड्यांचा उंचसखलपणा यांवरच सारे चित्र उभे राहते. भीमाशंकरच्या शेकरूची पाठ गडद तांबूस, छाती आणि पोट फिकट पिवळसर, आणि शेपटीचे टोकही फिकट असते. रंगाला हात न लावता केवळ लाकडातून साधता येईल असा याहून योग्य प्राणी आपल्याकडे नाही, असे मला मनापासून वाटते.

पोट, छाती आणि शेपटीच्या टोकासाठी शिवण या झाडाचे फिकट लाकूड, पाठीच्या सर्वांत गडद भागासाठी आणि डोळ्यासाठी शिसवीचा गाभा, फांदीसाठी रसकाठासह (गाभ्याबाहेरच्या फिकट लाकडासह) साग, आणि पाठीच्या उरलेल्या भागासाठी पडौक हे तांबडे लाकूड, अशी लाकडे घेतली आहेत. फळ्या 20 मिलिमीटर जाडीच्या असून मांडीच्या तुकड्याखाली 6 मिलिमीटरचा प्लाय देऊन तो उचलला आहे. पाते टेबलाशी काटकोनात ठेवल्यामुळे सांधे चांगले मिळाले आहेत. शेपटीचे तुकडे लांब आणि नागमोडी ठेवले असून त्यांतील रेषा शेपटीच्या लांबीच्या दिशेनेच धावतात.

मुख्य अडचण पडौकची आहे. त्याची तांबडी धूळ घासताना शेजारच्या शिवणीच्या छिद्रांत बसते, म्हणून प्रत्येक तुकडा वेगळा घासून ब्रशने आणि हवेच्या झोताने साफ करत आहे. एवढ्याने धुळीचा प्रश्न सुटतो, पण पॉलिशचा सुटत नाही. पडौकमधील तांबडे द्रव्य स्पिरिटमध्ये विरघळते; त्यामुळे स्पिरिटमध्ये केलेले लाखेचे पॉलिश लावले की तोच रंग ओघळून सांध्यातून फिकट लाकडावर जातो, हे टाकाऊ तुकड्यांवर तपासून पाहिले आहे. चिकटवण्यापूर्वी शिवणीचे सर्व तुकडे, कडांसकट, लाखेने बंद करून घ्यावेत आणि पडौकला मात्र पाण्यावर आधारित पॉलियुरेथेन द्यावे, असा माझा विचार आहे. पडौक आणि फिकट लाकूड शेजारी शेजारी वापरलेल्या कोणाला हा क्रम योग्य वाटतो का? दोन वेगळ्या पॉलिशांची चकाकी जवळून पाहताना वेगळी भासते का, हेही कळले तर बरे होईल.

याला जोडूनच एक शंका आहे. पडौक उजेडात हळूहळू तपकिरी होते. शेकरूच्या बाबतीत थोडा तपकिरीपणा खपून जाईल, परंतु शिसवीशी असलेला फरकच नाहीसा झाला तर पाठीची ठेवण हरवेल. अशा वेळी पडौकऐवजी खैराचा गाभा वापरावा का? खैर अत्यंत कठीण असल्याने पाते लवकर बोथट होईल याची कल्पना आहे. प्रश्न केवळ रंग किती टिकतो याचा आहे.

दुसरी बाब हवेची. काम पुण्यात होत असले तरी शेकरू रत्नागिरीच्या घरात लागणार आहे, आणि तिथला पावसाळा लाकडाची परीक्षा पाहणारा असतो. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, प्लाय मात्र जवळजवळ जागचा हलत नाही. मांडीचा तुकडा आडव्या दिशेने 14 सेंटिमीटर रुंद आहे. तो पूर्ण पृष्ठभागावर चिकटवावा, की केवळ मध्यभागी गोंद लावून कडा मोकळ्या ठेवाव्यात? दोन तुकड्यांमध्ये पोस्टकार्डाच्या जाडीइतकी फट ठेवली तर ती कोरड्या दिवसांत डोळ्याला खटकेल का? पाठफळीची मागची बाजू आणि कडा पॉलिशने बंद करणारच आहे. पाठफळीसाठी 6 मिलिमीटरचा प्लाय पुरेल की शेपटीच्या लांबीमुळे 9 मिलिमीटरचा घ्यावा, हेही कृपया सांगावे.