पिकअपच्या अँटेनाची काडी मोडली, नवी लावली तरी टेप खरखरच करायलंय, मदत हवी

मालवाहू_बाळे
टपावरची काडी मोडली. नवी आणून लावली तरी एकही स्टेशन धरेना. टेप चांगला आहे, पेनड्राइव्हवर गाणी नीट वाजतात. उद्या संध्याकाळी मार्केट यार्डातून कांदा भरून लातूरला निघायचंय. काय बदलायचं ते लवकर सांगा.

होटगीरोड_वायरिंग
गाडी कुठली? टेप कंपनीचा की बाहेरून बसवलेला? काडी पेचाची का ओढून लांब करायची? पेनड्राइव्ह वाजतो यावरून स्पीकर आणि आवाजाचा भाग ठीक आहे एवढंच कळतं, रेडिओचा ट्यूनर वेगळा असतो.
आधी हे करा. टेप बाहेर ओढा, मागची अँटेनाची जाड पिन काढा. साधी वायर सत्तर सेंटिमीटर घ्या, टोक सोला आणि टेपच्या सॉकेटच्या मधल्या भोकात घाला. बाहेरच्या कड्याला लागू देऊ नका. वायर खिडकीबाहेर सोडा आणि १०३.४ लावा. आकाशवाणी सोलापूर आलं तर टेप ठीक आहे, दोष अँटेनात.

ब्लूटूथ_प्रेमी
रेडिओ हवाच कशाला? लायटरच्या सॉकेटात बसणारा ब्लूटूथ ट्रान्समीटर घ्या, मोबाईलवर सगळं ऐका.

होटगीरोड_वायरिंग
दादा, तो ट्रान्समीटरसुद्धा टेपच्या एफएमवरच आवाज पाठवतो. आणि घाटात नेट गेलं की मोबाईलवरचा रेडिओ थांबतो. त्यांनी अँटेनाचं विचारलंय.

मालवाहू_बाळे
बोलेरो पिकअप. टेप आणि अँटेना दोन्ही बाहेरून बसवलेले. काडी पेचाची. वायर घालून बघितली, १०३.४ एकदम स्वच्छ आलं. म्हणजे नवी काडीच खराब निघाली ना? परत करू?

जुना_फिटर
काडीत खराब होण्यासारखं काही नसतं, ती तार आहे. मोडलेल्या काडीचा पेच कुठं गेला? काडी बहुतेक वेळा बुडाशी, आटे संपतात तिथंच मोडते आणि तुकडा बेसमध्ये, म्हणजे टपावरच्या बैठकीत राहतो. नवी काडी किती आटे आत गेली?

मालवाहू_बाळे
आटे गेलेच नाहीत. तुकडा आतच आहे. एम-सील लावून काडी उभी केली, जाम घट्ट बसलीय, हलतसुद्धा नाही.

जुना_फिटर
हे पहिल्यांदाच सांगायला हवं होतं, मालक. एम-सीलमधून वीज जात नाही. काडी आणि बेस यांच्यामध्ये धातूला धातू टेकलाच नाही, तर काडीने धरलेला सिग्नल वायरमध्ये उतरणार कुठून?
एम-सील पॉलिश पेपरने आणि पात्याने खरवडून काढा. हीटगन वापरलीत तर जपून, बेसचं प्लास्टिक आणि खालचं रबर वितळतं. तुकडा दोन-तीन मिलिमीटर वर असेल तर व्हाइस ग्रिपने (लॉक होणाऱ्या पकडीने) धरून घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवा. आधी गंज सोडवणारा स्प्रे मारून पंधरा मिनिटं थांबा. वर काहीच नसेल तर मधोमध सेंटर पंचने खूण करा, अडीच मिलिमीटरचं भोक पाडा आणि उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर उलटा फिरवून तुकडा बाहेर आणा. पंच मारल्याशिवाय ड्रिल लावलं तर बिट घसरतं आणि बेसचे आटे खाऊन टाकतं.

पार्टवाला_एमआयडीसी
एवढी मेहनत कशाला? बेस वायरसकट नवा घ्या, विषय संपला.

जुना_फिटर
संपत नाही. टपाचं आतलं अस्तर उतरवावं लागतं, वायर खांबातून डॅशखाली आणावी लागते. तुकडा निघाला तर काम अर्ध्या तासाचं आहे. नाहीच निघाला तर बेस बदला, पण जुनी वायर ओढून काढण्याआधी तिच्या खालच्या टोकाला सुतळी बांधा, म्हणजे त्याच वाटेने नवी खेचता येते. ते न करता वायर काढली की खांबात पुन्हा वाट शोधत बसावं लागतं.

पार्टवाला_एमआयडीसी
सुतळीचं मान्य. पण गंजलेल्या बेसमध्ये नवी काडी घालून उपयोग नाही, हे माझंही ऐका. आणि काडी घेताना व्हर्नियर लावा. आट्यांचा बाहेरचा व्यास पाचच्या जरा आत म्हणजे एम ५, सहाच्या जरा आत म्हणजे एम ६. एम ५ च्या बेसमध्ये एम ६ जातच नाही, आणि एम ६ मध्ये एम ५ ढिली राहते. ढिल्या काडीने खड्ड्यात आवाज तुटतो.

ताडपत्री_टेंभुर्णी
काडी मोडली कशी? ताडपत्रीच्या दोरीत अडकली असणार. दोरी केबिनवरून टाकू नका, हौद्याच्या पुढच्या हुकाला बांधा. कुणाला बाराशे जीएसएमच्या ताडपत्रीचा अनुभव आहे का? घेऊ का?

होटगीरोड_वायरिंग
ताडपत्रीचा वेगळा धागा काढा. दोरीचं मात्र बरोबर आहे. पेचाची काडी असेल तर भरताना फिरवून काढून ठेवायची.
मालक, तुकडा निघाल्यावर मल्टिमीटर बझरवर (जोड आहे का ते दाखवणाऱ्या खुणेवर) लावा. एक टोक पिनच्या मधल्या टोकाला, दुसरं काडीला, बझर वाजला पाहिजे. पिनचं मधलं टोक आणि बाहेरचं कडं यांच्यात ओएल, म्हणजे जोड नाही, असं आलं पाहिजे, आकडा आला तर वायरमध्ये पाणी शिरलंय किंवा वायर शॉर्ट आहे. हे साध्या अँटेनाचं. बेसमध्ये बूस्टर (सिग्नल वाढवणारं सर्किट) असेल तर आकडे वेगळे येतात आणि टेपच्या निळ्या वायरमधून १२ व्होल्ट द्यावे लागतात.
मग बेसचं धातूचं कडं ते बॅटरीचं मायनस मोजा. एक ओहमच्या आत हवं. टप हा अँटेनाचा दुसरा अर्धा भाग आहे, तिथं रंग किंवा गंज मध्ये आला की काडी नवी असूनही स्टेशन निम्मी.

लहान_काडी
मग पंधरा सेंटिमीटरची गुंडाळलेली आखूड काडी लावा ना, मोडायचा प्रश्नच नाही.

होटगीरोड_वायरिंग
शहरात चालेल. १०३.४ च्या लहरीची लांबी ३०० भागिले १०३.४ म्हणजे २.९० मीटर, तिचा चौथा भाग ७२ सेंटिमीटर. आखूड काडीत तार गुंडाळून ती बसवतात, पण पकड कमी पडते. लातूर रस्त्यावर लांब काडीच बरी.

मालवाहू_बाळे
व्हाइस ग्रिपने तुकडा निघाला. आत एम ५ आहे, माझी नवी काडी एम ६! दुकानात बदलून आणली. काडी ते पिन बझर वाजतो, कडं ओएल. पण बेस ते मायनस १८० ओहम.

जुना_फिटर
अर्थिंगच नाही तिथं. टपाचा दिवा आणि सनव्हायझर काढून अस्तर पुढून खाली घ्या, नट ढिला करा. दातेरी वायसर जिथं टेकतो तेवढाच रंग खालून पॉलिश पेपरने चकचकीत करा, कोरडं करून नट आवळा, वर ग्रीसचा हलका हात द्या. बाहेरच्या रबराभोवती सिलिकॉन लावायचं तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको, त्यातल्या आम्लाने पत्रा गंजतो. वायसरखाली सिलिकॉन अजिबात नको, नाहीतर पुन्हा तेच.
आणि पारख मार्केट यार्डात लोखंडी शेडखाली करू नका, मोकळ्यावर करा.

मालवाहू_बाळे
घासलं. आता ०.४ ओहम. १०३.४ स्वच्छ. पण इंजिन बंद असतानाही मधूनच बारीक खरखर येते.

होटगीरोड_वायरिंग
मोबाईलचा चार्जर सॉकेटातून काढून बघा. स्वस्त चार्जरचा गोंगाट एफएमवर येतो. अल्टरनेटरची शिट्टी असती तर इंजिन चालू असताना अ‍ॅक्सिलेटरबरोबर चढली-उतरली असती.

मालवाहू_बाळे
चार्जर काढला, गेली. दुसरा चार्जर घेतो. आभार वायरिंगवाले अण्णा, फिटरदादा.

ट्रॅकर_प्रश्न
याच बेसवर जीपीएस ट्रॅकरची अँटेना बसेल का?

जुना_फिटर
नाही. तिची फ्रिक्वेन्सी १५७५ मेगाहर्ट्झ, तिला आकाश दिसलं पाहिजे आणि वायरही वेगळी. डॅशवर काचेखाली ठेवा.