मदत हवी आहे: फॉइल, एपे की सेबर? उद्यापर्यंत सांगायचंय

जिन्यावरचा_वीर: सिनेमातली तलवारबाजी म्हणजे माझा जीव की प्राण. जिन्यावरून मागे सरकत, मेणबत्त्या उडवत, मध्येच टोमणे मारत चाललेलं द्वंद्व दिसलं की मी ते दृश्य दहादा मागे नेऊन बघतो. शेवटी ठरवलं, शिकायचंच. फॉर्मवर तलवारीच्या प्रकारांची तीन नावं आहेत, एकावर खूण करायची. उद्या शेवटचा दिवस. इतिहास नको, फक्त नाव सांगा.

पाते: मुलाचं वय काय? लहानांना फॉइलच. फक्त टोक, फक्त धड. हात-डोक्याला लागलं तर गुण नाही, त्यामुळे शिस्त लागते.

जिन्यावरचा_वीर: मुलगा कुठून आला? मीच शिकणार आहे.

पाते: मग वय? गुडघे? डावरे की उजवे?

जिन्यावरचा_वीर: ४१. डावरा. उजवा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो. चष्मा आहे. याचा काय संबंध?

सबुरी: सगळा संबंध आहे. डावऱ्या माणसाचा पुढचा पाय डावा, म्हणजे लंजमध्ये (पुढचा पाय लांब टाकून वार करताना) भार डाव्या गुडघ्यावर. तुमचं नशीब! तरी डॉक्टरांना विचारा. चष्मा मुखवट्याच्या आत चालतो. आणि एपे घ्या. अंगभर कुठेही टोक लागलं की गुण, 'आधी हल्ला कोणाचा' ही भानगडच नाही.

पाते: एपे म्हणजे दोघंही एकमेकांची वाट बघत उभे. झोप येते.

सबुरी: फॉइलमध्ये दोघांचे दिवे (वार लागला की यंत्रावर पेटतात ते) एकदम लागले की गुण कोणाचा ते पंच ठरवणार. त्यापेक्षा झोप बरी. एपेत सेकंदाच्या २५व्या भागाच्या आत दोघांचं लागलं तर गुण दोघांनाही. हिशोब चोख.

सपासप: अहो, त्यांना सिनेमा आवडतो! धारेचा वार फक्त सेबरमध्ये चालतो. कमरेच्या वर, डोकं आणि हातांसकट. सेबर, विषय संपला.

जुना_खेळाडू: विषय इथे सुरू होतो. सिनेमातले दोघे मुद्दाम समोरच्याच्या तलवारीवर तलवार मारतात, कारण ती टक्कर प्रेक्षकाला दिसायला हवी. अंतरही असं की हात चुकला तरी कोणाला लागू नये. खेळात नेमकं उलटं, वार कळायच्या आत लागून गेला पाहिजे. सेबरचा गुण तर डोळ्यांना दिसतच नाही, आधी दिवा दिसतो. जागा १४ मीटर लांब आणि जेमतेम दोन मीटर रुंद, बाजूला सरकायला वाव नाही. जिना विसरा. तुम्हाला जिंकायचंय की तसं दिसायचंय? दिसायचं असेल तर रंगमंचावरची द्वंद्वं शिकवणारे वेगळे असतात. बॉब अँडरसन १९५२च्या ऑलिम्पिकमध्ये खेळले आणि पुढे सिनेमातली द्वंद्वं बसवली, पण दोन्हीकडची गणितं वेगळी.

गंज_नको: सरावानंतर पातं कोरड्या फडक्याने पुसत जा. घामट कपड्यांसोबत पिशवीत कोंबलं की हमखास गंज चढतो.

पाते: त्यांच्याकडे पातं नाहीये अजून.

गंज_नको: आलं की पुसा.

कानसेन: म्यानातून तलवार काढताना सिनेमात 'शिंग' आवाज येतो तो खोटा. म्यान लाकूड-चामड्याचं असेल तर नुसती खरखर येते.

सपासप: धातूचं म्यानही असतं की!

कानसेन: असतं, पण दर वेळी गायन होत नाही.

जिन्यावरचा_वीर: माझा धागा कुठे चाललाय? जुना_खेळाडू, खरं सांगायचं तर दिसायचंच होतं. पण आता समोरच्याला कळायच्या आत वार लावून बघायची खुमखुमी आलीय. एक शब्द सांगा.

जुना_खेळाडू: एपे. नियम सोपा, चूक कुणाची ते लगेच कळतं, आणि दम धरायची सवय लागेल. ती तुम्हाला लागायलाच हवी असं दिसतंय.

सबुरी: 😌

पाते: पस्तावाल.

जिन्यावरचा_वीर: एपेवर खूण केली. आता खाली विचारलंय, मूठ फ्रेंच की पिस्तूल? इथे पिस्तुलाचा काय संबंध??

जुना_खेळाडू: बोटांत पिस्तुलासारखी बसणारी वाकडी मूठ. डाव्या हाताची वेगळी मिळते, तेवढं बघून घ्या.

सबुरी: फ्रेंच घ्या, म्हणजे साधी सरळ मूठ. लांबून टोचता येतं.

पाते: झालं सुरू.