डीपीतला (शहराच्या विकास आराखड्यातला) रस्ता नेमका आमच्याच वावरात का वळला?

बांधकरी:
शहराला लागून आमचं दोन एकर काळं रान आहे, विहिरीला मे महिन्यातही पाणी असतं. नव्या प्रारूप आराखड्यात १८ मीटरचा रस्ता ओढ्यापर्यंत सरळ येतो, तिथं डावीकडं मोडतो आणि आमच्या विहिरीवरून जातो. उरलेल्या रानावर मैदानाचं आरक्षण. सरळ गेला असता तर एका माजी नगरसेवकाच्या पाहुण्यांच्या गटातून गेला असता. तो गट मात्र हिरव्या (शेती) पट्ट्यातून पिवळ्या (रहिवासी) पट्ट्यात आलाय. वडिलांना जेवण जाईना. हरकत घेऊन काही होतं का?

जुना आरेखक:
होतं, पण नुसतं ‘अन्याय झाला’ लिहून होत नाही. मी नगररचनेत नकाशेच काढत होतो. आराखड्याआधी नगररचना कायद्याच्या (एमआरटीपी, १९६६) कलम २५ खाली विद्यमान जमीन वापराचा नकाशा होतो. त्याची प्रत काढा, तुमची विहीर त्यात दाखवलीय का बघा. कलम २६ खाली ३० दिवसांत लेखी हरकत द्या, पोच घ्या. नियोजन समितीपुढं सुनावणीला वडिलांना घेऊन जा. सरळ रस्त्याची रेघ नकाशावर लाल शाईनं आखून न्या.

आणि शेजारच्या गटाचे फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) काढा. आराखडा प्रसिद्ध व्हायच्या वर्ष-दोन वर्षं आधी खरेदीखतं झाली असतील, तर नकाशा कुणाला आधी कळला ते कागदावरच दिसेल. आधी इसार (बयाणा), मग साठेखत (विक्रीचा करार), मग पट्टा पिवळा. शेतकरी एकराच्या भावानं विकतो आणि त्याच बांधावर पुढं चौरस फुटाचा दर लागतो. मला याचा आजही संताप येतो.

सिडको एन-७:
आमच्या शहराचा, छत्रपती संभाजीनगरचा (तेव्हाचं औरंगाबाद), सुधारित आराखडा हायकोर्टाच्या खंडपीठानं २०१६ मध्ये रद्द केला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. इकडं मजुरानं हिरव्या पट्ट्यात नुसत्या बॉण्डवर (स्टँप पेपरवर, नोंदणीविना) वीस बाय तीस फुटांचा तुकडा घेतलेला. गुंठेवारीचा (असे तुकडे पाडून विकलेल्या जागा नियमित करण्याचा) कायदा २००१ चा, २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची घरं त्यात आली. नियमितीकरणाचं शुल्क राहणाऱ्यानं भरायचं. ज्यानं तुकडे पाडून विकले तो केव्हाच मोकळा झाला.

बांधकरी:
काका, फेरफार उद्याच काढतो. मैदानाचं आरक्षण किती वर्षं राहतं?

जुना आरेखक:
आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली नाही, तर कलम १२७ ची नोटीस देता येते. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण जातं. तोवर टीडीआर (आरक्षित जागेच्या बदल्यात मिळणारा बांधकामाचा हक्क) स्वस्तात मागायला गुत्तेदाराची माणसं घरी येतील. सुनावणी होईपर्यंत कुठल्याच संमतीपत्रावर वडिलांची सही होऊ देऊ नका.